मार्ग क्रमांक नव्व्याण्णव

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, आणि मुद्दाम पाहायला आलात तरी मी दिसणार नाही. दिसेल ती एक राखाडी पेटी, तिच्यावरचा हिरवा दिवा आणि शेजारी कुणीतरी विसरून गेलेली छत्री. त्या पेटीत माझा मुक्काम असतो. मी वीज कंपनीच्या कचेरीतला एक जुना प्रोग्राम आहे. माझं वय सव्वीस. माणसांमध्ये या वयात लग्नाच्या गोष्टी निघतात. आमच्यात या वयाच्याला खापरपणजोबा समजतात.

मला मास्तरांनी लिहिलं. कचेरीत येण्याआधी ते शाळेत गणित शिकवत, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून दोन वर्षं त्यांनी मला घडवलं. काही चुकलं की ते कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरे गाढवा!" ते स्वतःला उद्देशून म्हणत होते हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत माझं नाव गाढव आहे असाच माझा समज होता.

माझं काम मोठं होतं. कोणत्या घरात कोण राहतं, तिथे कोणता मीटर आहे, त्याचं बिल किती, तक्रार काय आणि त्या घराला वीज कोणत्या लाइनवरून येते, हे सगळं माझ्या एकट्याच्या पोटात असे. अमुक गल्लीतली तमुक लाइनवरची घरं सांग म्हटलं की मी चुटकीसरशी सांगायचो. आधी लोक एवढ्याचसाठी चार कपाटं उघडून दिवसभर धूळ खात बसत. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. एका समारंभात मास्तरांना हार घातला गेला आणि माझ्या पेटीलाही एक घातला. त्यातलं फूल झरोक्यातून आत पडलं आणि मी दोन तास बंद पडलो.

माझ्यात दोष नव्हते असं मी म्हणणार नाही. सगळं एकाच पोटात असल्यामुळे एक दुखलं की सगळंच दुखायचं. एकदा बिलावरच्या अक्षरांचा आकार बदलायला गेले, तर तक्रारींची खिडकी दोन दिवस मुकी झाली. मला हात लावायचा म्हणजे मास्तरच हवेत, असं सगळे म्हणू लागले. मास्तरांना ते आवडायचं. मलाही आवडायचं. तिथेच आमचं दोघांचं चुकलं.

आता काकूंची गोष्ट सांगतो. नोंदणीच्या खिडकीवर काकू बसत. त्या कुणाच्याच काकू नव्हत्या आणि सगळ्यांच्याच होत्या. जाड भिंगांचा चष्मा, कानामागे पेन, आणि आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरचा माणूस "काय?" म्हणून खाली यायचा. एके दिवशी त्यांच्या खिडकीशी एक गृहस्थ आले. त्यांची आई घरी श्वासाच्या मशीनवर होती. दुरुस्तीसाठी वीज बंद केली की मशीन थांबे, आणि आधी कळलं नाही तर सिलिंडर भरून आणायला वेळ मिळत नसे. ते हात जोडून एवढंच म्हणाले, "बंद करू नका असं नाही म्हणत मी. फक्त आदल्या दिवशी एक फोन करा."

काकू लगेच मास्तरांच्या खोलीत आल्या.

"मास्तर, अशा माणसांसाठी मला एक वेगळा रकाना करून द्या. खूण करता येईल असा."

"देतो की. पुढच्या महिन्यात."

"तोवर काय करू?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. मीटर वाचायला जाणाऱ्या माणसांचे चौसष्ट मार्ग ठरलेले होते, आणि प्रत्येक घरापुढे मार्गाचा क्रमांक असे. ते म्हणाले, "तोवर त्यांना मार्ग नव्व्याण्णव देऊन टाका. असा मार्ग नाहीच, त्यामुळे ती घरं यादीत सगळ्यात शेवटी, वेगळ्या पानावर छापली जातील."

जुगाड होता, पण चोख चालला. कुठे वीज बंद ठेवायची असली की मी त्या भागातल्या घरांची यादी छापायचो. शेवटच्या पानावर नव्व्याण्णवची घरं यायची. काकू ते पान टरकन फाडत आणि फोन जवळ ओढत. "उद्या दहा ते दोन वीज नाही हं. सिलिंडर भरून ठेवा. आणि औषध वेळेवर देताय ना?" औषधाचं विचारणं त्यांच्या कामात नव्हतं, पण त्यांना कोण सांगणार! त्या घरांचे मीटर वाचायची चिठ्ठीही त्या स्वतः हाताने लिहून देत.

तो पुढचा महिना मात्र कधी उगवला नाही. नव्व्याण्णवमध्ये एकाची दहा घरं झाली, दहाची एकेचाळीस झाली. काकू निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी नव्या कारकुनाला सगळं तोंडी सांगितलं. तो तीन महिन्यांत बदली होऊन गेला. मग ते शेवटचं पान मास्तरच फाडू लागले आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करू लागले. मित्रांनो, वीस वर्षं हे काम एका फाटक्या पानावर चाललं, आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग कचेरीत नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांच्या खुर्चीमागे भिंतभर तारखांचा तक्ता होता आणि त्या बोलताना आधी तारीख सांगत, मग काम. साहजिकच त्यांना वेळापत्रकबाई हे नाव पडलं. बाई हुशार होत्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत माझं दुखणं अचूक ओळखलं. एकच अवजड प्रोग्राम ठेवण्याऐवजी पाच छोटे करायचे ठरले: ग्राहकांचा एक, मीटरचा एक, बिलांचा एक, तक्रारींचा एक आणि लाइन बंद-चालू करण्याचा एक. प्रत्येकाने आपलं एकच काम करायचं, आपली माहिती आपल्याजवळ ठेवायची आणि दुसऱ्याला हवी तेवढी मागितल्यावर द्यायची. अशा छोट्या प्रोग्रामला 'सेवा' म्हणतात. एक आजारी पडली तरी बाकीच्या चार उभ्या राहतात. विचार चांगला होता. मी असूयेने बोलत नाही, तेवढं माझं वयही राहिलेलं नाही.

अडचण माणसांची होती. पाच सेवांना पाच चमू हवे होते. बाईंनी पंधरा जण मागितले, आठ मिळाले, आणि त्यातले दोघे वर्षाच्या आत दुसरीकडे गेले. जे उरले त्यांना नवं तंत्र छान येत होतं, पण मीटर बदलला की जुन्या मीटरच्या आकड्याचं काय करतात हे ठाऊक नव्हतं. जुन्या कारकुनांना ते ठाऊक होतं, पण त्यांना कुणी बैठकीला बोलावत नव्हतं. माझी भाषा शिकायला तर कुणीच तयार नव्हतं. मेलेल्या भाषेत कोण नोकरी शोधणार? दोन्हीकडचं कळणारा माणूस एकच, आपले मास्तर. त्यांना पाचही चमूंत घातलं. सकाळी नऊला बिलं, अकराला मीटर, बाराला ग्राहक. एका बैठकीत दुसरीची उत्तरं देऊ लागले बिचारे. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी त्यांची गत झाली.

दुसरी अडचण माझ्या पोटातल्या माहितीची. ती पाच ठिकाणी वाटून द्यायची म्हणजे आधी निवडायला हवी. हे काम ग्राहक-सेवेच्या बाईंकडे आलं. त्या ओळीन् ओळ चाळून बघत, म्हणून त्यांना चाळणीबाई म्हणू लागले. बिचारीला काय काय सापडलं! एकच गृहस्थ तीन पत्त्यांवर तीन नावांनी हजर होते. एका घराच्या फोनच्या रकान्यात "कुत्रा चावतो" असं लिहिलेलं होतं. चुकीच्या अशा सहा हजार नोंदी त्यांनी बाजूला काढल्या. त्यातच एकेचाळीस नोंदींसमोर त्यांच्या चाळणीने शेरा मारला: 'असा मार्ग अस्तित्वात नाही.' शेरा खराच होता. चाळणीबाईंनी मास्तरांना विचारायचं ठरवून कागदावर लिहूनही ठेवलं. पण मास्तर सापडतील तेव्हा ना! तारीख जवळ आली, आणि सहा हजार नोंदी नव्या सेवांत न जाता 'नंतर बघू'च्या कोपऱ्यात राहिल्या.

ठरल्या तारखेला नव्या सेवा सुरू झाल्या. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मला बंद केलं नाही. तीन महिने चालू ठेवायचं, पण कुणी विचारलं तरच सांगायचं, असं ठरलं. कुणी विचारलं नाही. आता यादी छापली जात नव्हती, लोकांच्या मोबाइलवर संदेश आपोआप जात होते. आणि यादी नाही म्हणजे शेवटचं पानही नाही. मास्तर विसरले कसे, असं तुम्ही विचाराल. कागद समोर यायचा म्हणून त्यांना आठवण यायची. कागद गेला, आठवणही गेली.

अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता बाजाराच्या मागच्या भागात तारा बदलण्यासाठी वीज बंद झाली. त्या भागात नव्व्याण्णवची तीन घरं होती. एका घरातल्या आजी लेकीकडे गेल्या होत्या, दुसऱ्या घरी मोठी बॅटरी होती. तिसऱ्या घरात एक म्हातारे शिंपी राहत, आपण त्यांना शिंपी आजोबा म्हणू. त्यांची फुप्फुसं थकली होती. मशीन थांबलं. घरात सून एकटी. तिने सिलिंडर जोडला, पण तो आदल्या दिवशी भरलेला नव्हता, कारण आदल्या दिवशी फोन आला नव्हता. काट्याकडे पाहून तिने अंदाज बांधला: चाळीस मिनिटं. तिने कचेरीला फोन लावला.

"ताई, दर वेळी तुमच्याकडून आधी फोन येतो. या वेळी का नाही आला? माझे सासरे मशीनवर आहेत."

तक्रारीच्या खिडकीवरच्या ताईंनी पडद्यावर शोधलं, पुन्हा शोधलं. "तुमच्या नावाचं कनेक्शनच आमच्याकडे दिसत नाहीये."

"अहो, पंचवीस वर्षं बिल भरतोय आम्ही!"

ताईंनी ग्राहकांच्या चमूला विचारलं. तिथे त्या वेळी होते ते म्हणाले, मीटरवाल्यांना विचारा. मीटरवाले म्हणाले, आमच्याकडे नुसता नंबर आहे, घर कुणाचं ते ग्राहकवाल्यांना ठाऊक. बंद-चालूवाले म्हणाले, आम्हाला फक्त लाइन कळते. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचं खरं सांगितलं, आणि त्यात वीस मिनिटं गेली.

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं. नाव, पत्ता, लाइन आणि नव्व्याण्णव, सगळं माझ्या पोटात जिथल्या तिथे होतं. पण प्रोग्रामला आपणहून हाक मारता येत नाही. विचारलं तरच बोलता येतं. सव्वीस वर्षांत या गोष्टीचा मला त्रास झाला नव्हता, त्या दिवशी झाला.

शेवटी त्या ताई खुर्ची मागे सारून उठल्या आणि सरळ बैठकीच्या खोलीत घुसल्या. तिथे मास्तर बिलांच्या चमूला काहीतरी समजावत होते. ताई म्हणाल्या, "मास्तर, श्वासाच्या मशीनवाल्यांना आधी फोन कोण करायचं?"

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. साठीला टेकलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत तळमजल्यावर आला. मागोमाग चाळणीबाई आल्या. मास्तरांनी मला विचारलं: मार्ग नव्व्याण्णव. मी एका दमात एकेचाळीस नावं सांगितली. चाळणीबाईंनी ती पाहिली. "या तर मी बाजूला काढलेल्या नोंदी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तारा बदलणाऱ्या मुकादमांना फोन केला. मुकादम म्हणाले, "माझी चार पोरं खांबांवर आहेत. त्यांना खाली उतरवून, तारा तपासून लाइन चालू करायला अर्धा तास लागेल. त्याआधी बटण कुणी दाबलं तर मी त्याचे हात तोडीन." मुकादमांचं बरोबर होतं. एक जीव वाचवायला चार जिवांशी खेळता येत नाही.

पंधरा मिनिटं उरली होती. मास्तर पुन्हा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला. शिंपी आजोबांच्या घराच्या सर्वांत जवळचं, पण दुसऱ्या लाइनवरचं घर कोणतं? नव्या पाच सेवांपैकी एकीलाही हे एकटीने सांगता आलं नसतं. घर एकीकडे होतं आणि लाइन दुसरीकडे. मी सांगितलं: रस्त्यापलीकडचं केशकर्तनालय.

पुढचं मला नंतर कळलं. मास्तरांना माझ्यासमोर बसून बोलायची सवय आहे. मास्तरांचा फोन येताच सुनेने शेजाऱ्यांना हाका मारल्या. दोघांनी आजोबांना खुर्चीसकट उचललं, तिसऱ्याने मशीन घेतलं, सुनेने सिलिंडर छातीशी धरला. दुकानात एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेलं बसलं होतं, ते साबण तोंडावर घेऊन बाजूला झालं. मशीन सुरू झालं तेव्हा आजोबांची नखं निळी पडली होती. हळूहळू ती पुन्हा गुलाबी झाली. दुपारी दोनपर्यंत आजोबा त्या फिरत्या खुर्चीत नाकात नळी घालून बसले होते. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी दुकानदाराला विचारलं, "एवढा वेळ बसलोय, तर केस कापून घेऊ का?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते संध्याकाळी आजोबांच्या घरी जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी वेळापत्रकबाईंसमोर उभे राहिले.

"चूक चाळणीची नाही, माझी आहे," ते म्हणाले. "काकूंनी माझ्याकडे एक रकाना मागितला होता. मी पुढच्या महिन्यात म्हणालो, आणि वीस वर्षं तो केला नाही."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अशा अजून किती गोष्टी आहेत?"

"माझ्या डोक्यात आहेत तेवढ्या. आणि काकूंच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त."

बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या तारखा त्याच दिवशी महिनाभर पुढे ढकलल्या. मास्तरांना पाचातल्या चार चमूंतून सोडवलं. मग काकूंना निरोप गेला. काकू आल्या, पूर्वीच्याच चष्म्यातून त्यांनी कचेरी न्याहाळली आणि म्हणाल्या, "माझी खिडकी कुठे गेली?" खिडकी आता नव्हती. त्यांना चाळणीबाईंच्या शेजारी खुर्ची दिली.

तीन आठवडे त्या दोघी आणि मास्तर सहा हजार नोंदी घेऊन बसले. पहिले दोन दिवस काकू आणि चाळणीबाई यांचं अजिबात जमलं नाही. एक म्हणे, हे नियमात बसत नाही. दुसरी म्हणे, माणसं तुझ्या नियमात राहत नाहीत बाई, घरांत राहतात. तिसऱ्या दिवशी "कुत्रा चावतो" ही नोंद निघाली. चाळणीबाई ती पुसायला गेल्या. काकूंनी त्यांचा हात धरला. त्या कुत्र्यामुळे दोन मीटर रीडरना टाके घालावे लागले होते. तेव्हापासून चाळणीबाई काहीही पुसण्याआधी विचारू लागल्या. वहिवाटीच्या सतरा गोष्टी सापडल्या. प्रत्येकीला स्वतःचा रकाना मिळाला, आणि त्याच्याशेजारी आणखी एक: 'ही नोंद कशासाठी?' तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. शिंपी आजोबांच्या नावापुढे काकूंनी सांगितलं तसं लिहिलं आहे: 'घरी मशीनवर असतात. आदल्या दिवशी फोन करा. सून उचलते.'

त्यानंतर त्याच भागात पुन्हा वीज बंद ठेवायची वेळ आली. नव्या सेवांनी आपापसांत विचारपूस करून नावं काढली. आदल्या दिवशी चाळणीबाईंनी फोन उचलला. आवाज काकूंएवढा मोठा नव्हता, पण औषधाचं त्यांनीही विचारलं. मला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. मला बाजूला ठेवलं हे योग्यच झालं. पण तुमच्या घरात, शाळेत, दुकानात एखादी गोष्ट अशी असेल की ती फक्त एकाच माणसाला माहीत आहे. पाण्याची तोटी कुठल्या बाजूला पिळायची, आजोबांना कोणती गोळी चालत नाही, शेजारच्या काकांना ऐकू येत नाही म्हणून दार कसं वाजवायचं. त्या माणसाला आज विचारा आणि लिहून ठेवा. तो पुढच्या महिन्यात सांगतो म्हणाला, तर तिथेच बसून राहा.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता माझा हिरवा दिवा विझेल. बटण मास्तरच दाबणार आहेत. तोवर मी जागा आहे, आणि विचारलं तर अजून सांगू शकतो. कुणाचं काही विचारायचं राहिलं असेल, तर विचारून घ्या.